अर्धी कमान आणि बाकीची मालमत्ता

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळ.

जवळजवळ दोन वर्षे मी स्वतःसाठी एक ओळही लिहिली नाही. रोज लिहायची सवय असलेल्या बाईने इतके गप्प राहावे, याची आधी माफी मागते. कोणाची, ते नीट सांगता येत नाही. बहुधा माझ्या मुलीची, कारण हे वाचायची वेळ आली तर ती तिच्यावरच येईल.

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, शरीरशास्त्राची पदवीधर, धंदा घरच्या घरी करायचे व्यायाम लिहून ते करून दाखवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे.

'धाकाखाली नसताना' लिहून मी थांबले. धाक आहे. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "धाक हे लिहू नये म्हणून आहे, की लिहावं म्हणून?"

"लिहू नये म्हणून."

"मग चालतं. पुढं लिहा."

त्यांनी सकाळी माझा रक्तदाब पाहिला आणि डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. डोक्याची बाहेरची बाजू त्यांनी गेल्याच महिन्यात टाके घालताना पाहिली होती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायची भीती वारंवार होती, सवड नव्हती.

कलम पहिले. घर. दोन खोल्या, हॉल आणि गॅलरी. हे घर माझ्या आईने शाळेत शिकवून घेतले आणि माझ्या नावावर केले. ते मी माझ्या एकुलत्या एक मुलीला देते. तिला सज्ञान व्हायला अजून काही महिने आहेत. त्याआधी मी गेले तर घर आणि मुलगी दोन्ही माझी थोरली बहीण, अक्का, सांभाळील. पालक कोण हे शेवटी कोर्ट ठरवील, हे मला माहीत आहे. माझी इच्छा काय, हे कोर्टाला माहीत असावे. मुलीचे वडील इथे राहणार नाहीत, घर भाड्याने देणार नाहीत, किल्ली ठेवणार नाहीत.

इतके उघड लिहिण्याचे कारण असे, की गेल्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या आईच्या घरून फोन केला. म्हणाले, "तू गेलीस की घर कोणाच्या हातात येतं? पोरगी लहान आहे अजून. जरा विचार कर." मी विचार केला. हे कागद म्हणजे तोच विचार. याची एक प्रत मी जिवंत असतानाच त्यांना पोचवायची आहे. मला मारून हाती काय लागेल, हे माणसाला आधी कळलेले बरे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलीच्या शिक्षणाला. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. हॉलमधला भिंतभर आरसा. हा माझ्या पतींना द्यावा. खालच्या डाव्या बाजूचा तडा दुरुस्त करू नये.

माझ्या पतींना सगळे 'सर' म्हणतात. 'घरात राहा, घाटदार व्हा' हा आमचा कार्यक्रम ज्यांनी मोबाइलवर पाहून केला, त्यांना ते ठाऊक असतील. व्यायाम मी लिहायचे, कॅमेऱ्यासमोर मी करायचे, आणि ते बाजूला उभे राहून बोलायचे. गोड बोलायचे. चित्रीकरण दर सोमवारी दुपारी असे, म्हणून मारही सोमवारी संध्याकाळीच मिळे. म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत वळ उतरायला वेळ मिळायचा. यात राग कमी आणि शिस्त जास्त होती, हे मला फार उशिरा समजले. मधल्या दिवसांत काही चुकले, तर ते फक्त म्हणत, "सोमवारी बघू." उतरले नाहीत ते वळ पूर्ण बाह्यांखाली जात. बायका खाली लिहीत, 'वहिनींचा तो निळा पूर्ण बाह्यांचा ड्रेस कुठून घेतला?'

दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी मी बोलण्याच्या भरात कॅमेऱ्यासमोर त्यांची चूक सुधारली. स्नायूचे नाव त्यांनी भलतेच सांगितले होते. संध्याकाळी त्यांनी मला मानेला धरून आरशावर आपटले. आरशाला तडा गेला आणि माझे गळ्याजवळचे डावे हाड मोडले. तो आवाज ओल्या काटकीसारखा होता. दवाखान्यात नेले नाही. पुढच्या सोमवारी कंबर बारीक करण्याचा व्यायाम ठरलेला होता: हात कानाला लावून बाजूला वाकायचे. माझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. कॅमेरा चालू होता. सर हसले आणि म्हणाले, "आज एक नवीन प्रकार. अर्धी कमान! डावा हात इथंच, अर्ध्यावर ताणून धरायचा. वर न्यायचा मोह आवरायचा. यातच खरी ताकद आहे."

हा आमचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्यायाम. त्याच रात्रीपासून माझे लिहिणे बंद झाले. मला माझ्या शब्दांची लाज वाटत नव्हती. पण आता माझे शरीरसुद्धा खोटे बोलू लागले होते.

कलम चौथे. दोरीवरच्या उड्यांची दोरी, लाकडी मुठींची. ती कोणालाही देऊ नये. ती पोलिसांकडे आहे. तिथून परत आली तर जाळावी.

पाच आठवड्यांपूर्वी मुलगी सोमवारी कॉलेजातून लवकर आली. हॉलमध्ये मी जमिनीवर होते आणि ते दोरी दुमडून उभे होते. ती मध्ये येऊन उभी राहिली. "बाबा, पुरे." एवढेच म्हणाली. दोरीची मूठ तिच्या कानाखाली बसली. ती खाली गेली तरी त्यांनी हात परत उचलला.

यानंतर मी जे केले ते पोलिसांना सांगितले आहे, इथेही सांगते. मी मागून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. पाठ सरळ, भार टाचांवर, ताकद मांड्यांतून: जमिनीवरचे वजन कसे उचलायचे हे त्यांनीच मला शिकवले होते. मी त्यांना उचलले आणि डंबेल्स ठेवायच्या घोडीवर टाकले. त्यांचा उजवा खांदा निखळला. तो आवाज मी ओळखला. नंतर ते उठायचा प्रयत्न करत होते, तेव्हा मी त्यांच्या त्याच खांद्यावर पाय दिला. मुलगी ओरडली, "आई, बस!" मग मी पाय काढला. तो पाय द्यायची गरज होती का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. उत्तर रोज वेगळे येते.

कलम पाचवे. माझ्या सासूबाईंना कपाटाच्या खालच्या खणातल्या मलमाच्या नळ्या. त्यांनीच दिलेल्या आहेत. प्रत्येक वेळी नवी नळी हातात ठेवून म्हणायच्या, "थोडं तूही कमी बोलत जा." पुष्कळशा न फोडलेल्या आहेत. आता त्यांचा मुलगा त्यांच्याकडे राहतो. लागतील.

कलम सहावे. डंबेल्स आणि व्यायामाची चटई मला खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींना द्यायची होती. पण मावशी या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे डॉक्टरीणबाई म्हणतात.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर मला काही नाही?" मावशी म्हणाल्या.

"नाही."

"मग आत्ताच द्या. मेल्यावर घ्यायला मलाही कसंतरीच वाटलं असतं. ते जड डंबेल्स नकोत पण. ते त्याच्या टाळक्यासाठी ठेवा."

म्हणून हलके डंबेल्स आणि चटई मी आज, हयातीत, त्यांना दिली. या दोघी माझ्या घरात कशा आल्या, तेही इथेच लिहिते. मावशी दोन वर्षे रोज कपडे शिवण्याआधी आमचा कार्यक्रम करत. त्यांचा डावा खांदा इतका आखडला, की मशीनचे चाक फिरवता येईना. त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंकडे तोवर अशा कितीतरी बायका आलेल्या होत्या: बँकेतल्या, शाळेतल्या, भाजी विकणाऱ्या. सगळ्यांचा डावाच खांदा. त्या चक्रावल्या. शेवटी त्यांनी मावशींना दवाखान्यातच व्यायाम करून दाखवायला सांगितला, आणि अर्धी कमान पाहून विचारले, "हात तिथंच का थांबवता?"

"सर सांगतात ना."

"आणि करून दाखवणारी बाई? तिचा हात पूर्ण वर जाताना कधी पाहिलाय?"

मावशी म्हणतात, त्या तिथेच स्टुलावर बसल्या. त्याच संध्याकाळी, म्हणजे दोरीच्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, दोघी माझ्या दारात आल्या. डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता माझा गळ्याजवळचा उंचवटा बोटांनी चाचपला. इतक्या बायकांच्या अंगात माझे मोडलेले हाड

इथे लिहिणे थांबले. आता दुपार आहे. या पानावरचा डाग माझ्या भुवईच्या रक्ताचा आहे. ती खाडाखोड समजू नये; शेजारी दोन्ही साक्षीदारांनी सही केली आहे.

बेल वाजली तेव्हा मी दाराला साखळी लावून फट उघडली. तेच होते. उजवा खांदा अजून बांधलेला, म्हणून डावा हात आत आला. माझे केस धरून त्यांनी माझे कपाळ दाराच्या कडेवर आपटले. पुन्हा आपटले. "उघड. माझं घर आहे." साखळीचे स्क्रू चौकटीतून सुटायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना फोन लावला. मी दार ढकलत होते, पण हात घसरत होते, डोळ्यांत रक्त होते.

मावशी ओरडल्या, "हातानं नाही, ताई! पाठीनं! भिंतीला टेकून बसतो ना, तसं!"

आम्ही दोघींनी दाराला पाठ लावली, मांड्या आडव्या केल्या आणि टाचा रोवल्या. त्यांचा हात फटीत कोपराजवळ अडकला. माझे केस सुटले. ते किंचाळले, "हात! माझा हात!"

मावशींच्या मांड्या थरथरत होत्या, तरी म्हणाल्या, "मोजू का, सर? तुम्हीच म्हणता, जळजळ सुटली की तिथून खरा व्यायाम!"

मी डॉक्टरीणबाईंना टेबलावरचा कागद द्यायला सांगितला आणि कलम पहिले मोठ्याने वाचले. पूर्ण वाचले, किल्लीसकट.  मग ते म्हणाले, "सही झालीय?"

"करतेय."

त्यांनी दाराला लाथ घातली. साखळीचा एक स्क्रू उडून हॉलमध्ये पडला. "मारून टाकीन तुला."

"टाक," मी म्हणाले. "मग आरसा तुझा."

जिन्यात पोलिसांचे पाय वाजले तेव्हा आम्ही दाब सोडला. डॉक्टरीणबाईंनी गॅलरीतून पाहिले. त्याला गाडीत बसवून नेले. किती दिवस ठेवतील, कोणी सांगू शकत नाही. त्याचा डावा हातही आता बरेच दिवस वर जाणार नाही. मला याचा आनंद झाला. तो इथे लिहून ठेवते, कारण तो लपवला तर बाकीचे कागदही खोटे ठरतील. वर मी त्याला 'माझे पती' आणि 'ते' म्हटले आहे. तसेच राहू द्यावे. मी कुठून कुठे आले, हे कोर्टालाही दिसेल.

कलम सातवे. माझा मृत्यू अचानक झाला आणि 'जिन्यात घसरली', 'व्यायाम करताना मान मुरगळली' असे कोणी सांगितले, तर अक्काने शवविच्छेदनाचा हट्ट धरावा. मी वीस वर्षांहून जास्त व्यायाम करते. व्यायाम करताना मला आजवर कधीही काही लागलेले नाही.

कलम आठवे. कार्यक्रमाची सगळी चित्रणे आणि ती जिथे टाकली जातात त्याचा पासवर्ड, दोन्ही मुलीला. 'अर्धी कमान' तिने काढून टाकावी, असे मी आधी लिहिणार होते. पण काढून टाकली, तर ज्या बायका ती आठवून करतात त्या तशाच करत राहतील. म्हणून ती तिथेच ठेवावी आणि तिच्याशेजारी दुरुस्तीचे चित्रण ठेवावे. डॉक्टरीणबाईंच्या मदतीने पाच आठवड्यांत माझा हात डोळ्यांपर्यंत येऊ लागला आहे. दुरुस्ती करायला मी राहिले नाही, तर मावशींनी करून दाखवावी. त्या म्हणतात, "मी? कॅमेऱ्यासमोर? ह्या पोटासकट?" होय, पोटासकट.

वर लिहिलेले मी स्वतः वाचले, आज अक्काकडे असलेल्या मुलीला फोनवर वाचून दाखवले आणि साक्षीदारांसमोर सही केली. एक डोळा सुजून मिटला आहे म्हणून सही नेहमीपेक्षा मोठी आली आहे, ती माझीच.

सही: मुलीची आई

साक्षीदार एक: खालच्या मजल्यावरची शिवणवाली. (डावा खांदा दुखतो म्हणून सही तिरकी. बाकी शुद्धीत.)

साक्षीदार दोन: गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टर. सही करणारीच्या भुवईला चार टाके माझ्या हातचे, सहीच्या आधी घातले.

ठिकाण: हॉल, आरशासमोर, दाराला कपाट लावून.

तारीख: तीच. उद्या सोमवार.

उद्या: दुपारी दुरुस्तीचे चित्रीकरण. बाह्या नसलेला ड्रेस. डावा हात कानापर्यंत न्यायचा.