झोडप्याचा वारस

मी, जीवराम चुडामण फेगडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार वडनेरी, तालुका यावल, जिल्हा जळगाव, माझ्या राजीखुशीने आणि माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, त्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला लागत नाही, ती सगळ्या गावाने ऐकलेली आहे. डावा पाय लंगडा आहे आणि हल्ली छातीत पाणी होते, पण सही पायाने करायची नसते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला दोघे आले होते, त्यांची नावे पुढे येतील. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवले, तर ते दाखवणाऱ्याचेच समजावे.

कलम १. राहते घर माझी पत्नी बेबाबाई हिचे, ती हयात असेपर्यंत. तिच्यानंतर माझा एकुलता मुलगा पंडित याचे. ओसरीत कोणाला बसवायचे ते बेबाबाईने ठरवावे, मी मेल्यावर त्यात तोंड घालणार नाही. फक्त तिचा भाऊ देवचंद आला तर त्याला चहाच्या पुढे काही देऊ नये. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम २. नाल्याकाठचे केळीचे शेत आणि वरचे कपाशीचे शेत, दोन्ही पंडितची. ती त्याने विकू नयेत असे मी लिहीत नाही. लिहिले तर तो मुद्दाम विकेल.

कलम ३. ट्रॅक्टर पंडितचा. तो आजही स्वतःचाच समजतो. पुढे आरसे लावले, मागे झिरमिळ्या लावल्या, हॉर्न असा बसवला की म्हशी दूध चोरतात. ऑइल बदलायचे मात्र अजून मी खाटेवरून ओरडून सांगितल्याशिवाय होत नाही. माझ्यामागे कोण ओरडणार ते त्याने बघून ठेवावे.

कलम ४. आता झोडप्या. हे मृत्युपत्र त्याच्यासाठीच आहे, वरचे सगळे तोंडी सांगूनही भागले असते.

झोडप्या म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे, काडी आणि गवत कुटायचे यंत्र. एक सरकारी कुरण मोडले तेव्हा मी ते विलायती यंत्र लिलावात घेतले, आणि गावाने मला वेड्यात काढले. आत एक आडवी लाट, म्हणजे लोखंडी रूळ, असते, तिला लोखंडी हातोडे लोंबतात. ट्रॅक्टरला यंत्र जोडणारा शाफ्ट फिरला की लाट फिरते, हातोडे ताठ होतात आणि समोर येईल ते झोडपतात. कपाशीची वेचणी संपली की उभी पऱ्हाटी जागच्या जागी भुसा होऊन मातीत जाते. चुलीला पऱ्हाटी मिळत नाही म्हणून बाया मला अजून शिव्या घालतात. घालोत. त्यांच्याच नवऱ्यांनी नंतर यंत्र मागायला माझ्या दारात खेटे घातले.

यंत्र चांगले आहे, पण ते माणूस ओळखत नाही. एक हातोडा झिजला तर त्याच्या समोरचाही बदलावा लागतो, नाहीतर लाट एका अंगाला जड होते आणि सगळे यंत्र थरथरू लागते. पंडित एकच बदलतो. म्हणतो, "आबा, दुसरा चांगला हाये, कायले फेकायचा?" मग बेअरिंग गेले की म्हणतो विलायती मालच असा. केळीच्या बागेत शिरले की खोडाच्या सोपटाचे धागे लाटेला गुंडाळतात. ते काढायला ट्रॅक्टर बंद करावा, यंत्र जमिनीवर टेकवावे, लाट पूर्ण थांबू द्यावी. पंडित यंत्र उचलून, शाफ्ट फिरता ठेवून, विळ्याने धागे ओढतो. आणि शाफ्टवर एक पिवळे प्लास्टिकचे आवरण असते. शाफ्ट आत फिरतो, आवरण जागेवर राहते, म्हणून कपडा त्यात सापडत नाही. ते आवरण माझ्या चिरंजीवांनी काढले, मधोमध कापले आणि गोठ्यातले पाणी बाहेर काढायला नळी म्हणून बसवले.

यंदाच्या दसऱ्याला अवजारांची पूजा झाली. उघडा शाफ्ट पाहून चिरंजीवांना आनंद झाला, हळदकुंकू लावायला जागा छान मिळाली. झेंडूची माळ त्याच शाफ्टला गुंडाळली, सुतळीने बांधली. नारळ फोडल्यावर यंत्र एकदा फिरवून दाखवायचे, अशी आमच्याकडे रीत. मी ओसरीतून ओरडलो, "आधी माळ काढ!" देवचंद म्हणाला, "सणाच्या दिवशी देवाची माळ काढतेत का, आबा?" ट्रॅक्टर सुरू झाला. माळ शाफ्टाबरोबर फिरू लागली, फुले उडाली, माणसे हसली. सुतळीचे टोक फटके मारायला लागले तेव्हा पंडित ते धरायला वाकला. त्याच्या गळ्यात नवा बागायती रुमाल होता, गाठ मारलेला.

पुढचे मी पाहिले आहे, म्हणून लिहितो. रुमाल शाफ्टाने धरला. पंडितची मान खाली गेली. माझी सून सुनंदा किंचाळली. देवचंदने "हर हर" म्हटले आणि मागे सरला. मला उठता आले नाही. माझा धाकटा भाऊ लोटन आपट्याची पाने घेऊन दारात आला होता. आमचे बोलणे नाही, पण आईने मरताना शपथ घातली म्हणून तो दर दसऱ्याला उंबऱ्यावर सोने ठेवून मुकाट निघून जातो. त्याने पाने टाकली, ट्रॅक्टरवर चढला आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढला. लाट तरी थोडा वेळ फिरतच होती. तेवढ्यात रुमाल फाटला. पंडितच्या गळ्यावर दोरी ओढल्यासारखा वण आहे, तो आता बंद गळ्याचा सदरा घालतो.

लोटन खाली उतरला. मला म्हणाला, "भाऊ, पोराच्या शाफ्टले आवरण बसव." एकोणीस वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले बोलणे. मी म्हणालो, "निघ इथून." ते मी मागे घेत नाही.

एवढे झाल्यावर माणूस काय शिकेल? देवचंदने निदान केले की यंत्राला मान कमी पडला. पंडितने त्याच उघड्या शाफ्टजवळ लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली. मी जळगावहून नवे आवरण मागवले, ते त्याने माडीवर टाकले. म्हणाला, "आबा, नशिबात असन ते होईन." मग दोघे मिळून माझ्या खाटेपाशी आले आणि यंत्र आत्ताच पंडितच्या नावाने लिहून दे म्हणाले. पऱ्हाटी कुटायचे दिवस आले की तो पुन्हा त्याच शाफ्टावर वाकणार आहे. या वेळी दसरा नसेल आणि दारात कोणी नसेल. हे मला रोज दिसते, डोळे मिटले तरी दिसते.

म्हणून सुपडू लोहाराला बोलावून मी यंत्रापासून शाफ्ट सोडवून घेतला आणि तो सध्या माझ्या खाटेखाली आहे. मी त्याच्यावर झोपतो. माझ्यात जीव आहे तोवर तो तिथून हलणार नाही. प्रश्न पुढचा आहे.

कलम ५. झोडप्या, त्याचा शाफ्ट, माडीवरचे नवे आवरण, ग्रीसगन आणि पान्यांची पेटी मी माझा भाऊ लोटन चुडामण फेगडे याला देतो.

याचा अर्थ मी त्याला माफ केले असा कोणी काढू नये. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या विहिरीत मोटारीचा पाइप अडकला होता. मी लोटनला उतर म्हणालो. तो म्हणाला, "भाऊ, दोर जुना हाये. मी उतरत नाही, तूबी उतरू नको." असला मर्द! मी उतरलो. दोर तुटला आणि माझा पाय जन्माचा गेला, आणि हा वर उभा राहून लोकांना हाका मारत होता. दोर जुना होता की नव्हता, हा विषय या मृत्युपत्रात येत नाही. त्या दिवसापासून मी त्याला भित्रा म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणणार.

भित्राच आहे तो. त्याचे मळणीयंत्र मी बांधावरून पाहिले आहे. बंद केल्यावर लांब जाऊन बसतो, तंबाखू मळतो, तरी उठत नाही. मग काडीने ढोसून बघतो, मग हात घालतो. मी चारचौघांत म्हणायचो, लोटन थांबलेल्या यंत्रालाही नमस्कार करतो. आमच्या घरात छातीठोक माणसे पुष्कळ झाली, मी त्यांतला एक. झोडप्याला असला माणूस नको. त्याला भित्राच मालक पाहिजे, आणि गावात लोटनएवढा भित्रा दुसरा नाही.

कलम ६. अटी. ट्रॅक्टर पंडितचा आणि झोडप्या लोटनचा, म्हणजे एकाचे दुसऱ्यावाचून चालणार नाही, हे मी जाणूनबुजून केले आहे. आवरणाशिवाय शाफ्ट जोडायचा नाही. हातोडे जोडीने बदलायचे. यंत्राला हात लावायचा असेल तेव्हा पंडितने ट्रॅक्टर बंद करून खाली उतरावे आणि चावी काकाच्या हातात द्यावी. पंडितला लाज वाटली तर खुशाल वाटावी. लोटनने यंत्र विकू नये, आणि देवचंदला त्याच्या सावलीतही उभे करू नये.

कलम ७. मी गेल्यावर लोटनने खांदा द्यायला येऊ नये. त्याचा खांदा मला नको. सगळे मला घेऊन स्मशानात जातील तेव्हा घरात बेबाबाई आणि सुनंदा असतील. त्या वेळी त्याने यावे आणि खाटेखालून शाफ्ट काढून न्यावा. पंडित परत येईपर्यंत तो नेलेला असला पाहिजे. सुनंदाला हे मी सांगून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी तिने माडीवरचे आवरण पुसून ठेवले.

कलम ८. अंमलबजावणी आधार गुरुजींनी करावी. ते कोणाचेच ऐकत नाहीत, माझेही ऐकले नाही कधी.

पंडित हे वाचेल तेव्हा संतापेल, हे मला माहीत आहे. म्हणेल, बापाने यंत्र वैऱ्याच्या पदरात टाकले. कोर्टात जाईन म्हणेल. माझ्या फोटोला हार घालणार नाही. न घालू दे. हा कागद त्याने रागाच्या भरात टराटरा फाडला तरी चालेल, दुसरी प्रत गुरुजी यावलला नोंदवायला नेणार आहेत. फाडायला दोन हात लागतात. ते दोन्ही त्याच्या अंगावर असावेत, एवढ्यासाठीच मी हे लिहिले आहे.

ठिकाण: वडनेरी
दिनांक: २७ ऑक्टोबर १९९४

सही: जीवराम चुडामण फेगडे

जीवराम आबांनी आमच्यासमोर, खाटेवर बसून, खाटेवरून न उतरता सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. आधार गंभीर तायडे, निवृत्त शिक्षक, वडनेरी
२. सुपडू ओंकार लोहार, वडनेरी