सध्या फक्त रिसर्च

४ फेब्रुवारी
ठरलं. शाळा सुटली म्हणजे डोकं सुटलं असं नाही. घरदुरुस्तीचा बिझनेस टाकायचा. नळ, फ्यूज, बिजागऱ्या, सगळं. बाबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर त्यांच्या ओळखीच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलायची.
दादा (मावसभाऊ, चारच महिन्यांनी मोठा, तरी दादा म्हणावं लागतं) हेच काम करतो. पण नुसता पाना घेऊन सुटला. मार्केट रिसर्च शून्य.

५ फेब्रुवारी
आई म्हणाली, एवढा बिझनेस करतोयस तर आधी आपल्या बाथरूमचा नळ बघ, सारखा टिपटिपतोय. तिला समजावलं, तो सँपल आहे, सँपलला हात लावायचा नसतो. म्हणाली, मग दादाला बोलावू? म्हटलं, खबरदार!

६ फेब्रुवारी, सकाळी
सर्व्हे सुरू. प्रश्न पाठ केलाय: तुमच्याकडे काय काय बिघडलंय? पहिल्या दारापाशी बोट बेलपर्यंत गेलं आणि परत आलं. बेल खराब असली तर शॉक बसतो. सेफ्टी फर्स्ट.

संध्याकाळी
बेल चांगली होती. शिलाईवाल्या काकूंनी दार उघडलं. माझ्या तोंडून फक्त 'नळ' एवढंच बाहेर पडलं. काकू म्हणाल्या, अगं बाई, पाणी जाणारेय का? आणि बादल्या भरायला धावल्या. एक बादली गळते. नोंद केली.

८ फेब्रुवारी
जमिनीकडे बघून बोललं की जमतं. काकूंचं सिंक तुंबतं. विश्वास बसावा म्हणून मीही सांगितलं, आमचाही नळ गळतो. वरच्या आजोबांचं दार घासतं. ते म्हणाले, बरी आठवण केलीस, मला ते घासलेलं ऐकूच येत नाही ना! कधी येतोस करायला? म्हटलं, सध्या फक्त रिसर्च.

११ फेब्रुवारी
दादा आजोबांचं दार करून गेला. माझे आजोबा! त्यांनीच फोन केला म्हणे. योगायोग.
आईला दादा जिन्यात भेटला. म्हणते, किती वाळलाय रे पोरगा, कामच काम. मीपण वाळलोय. मोजतंय कोण.

१३ फेब्रुवारी
तिसऱ्या मजल्यावरचा पंखासुद्धा त्यानेच केला. मी ज्या घरी जातो, त्या घरी हा हजर. नक्कीच पाळत ठेवतोय. कमरेला नवा पट्टा, त्याला पक्कड, पाने, काय काय लटकवलेलं. चालताना नुसता खणखणतो. मला तसला पट्टा फुकट दिला तरी नको. (काळ्या रंगात मिळतो का बघायला हवं.)

१५ फेब्रुवारी
उपाय सापडला. सर्व्हे इतका वाढवायचा की दादाला धाप लागेल. शेजारची बिल्डिंग घेतली. एक बाई म्हणाल्या, तू त्या खणखणणाऱ्या मुलाकडून आलास ना? नाही म्हणणार होतो, पण त्यांनी बिस्किटं पुढे केली. तोंडात घास असताना बोलू नये.

१७ फेब्रुवारी
उद्या आपला नळ मीच करणार. आईला सरप्राइज. एकदा तिने माझं नाव घेऊन मावशीला फोन केला पाहिजे, बस. तीन व्हिडिओ पाहिले. मेन कॉक बंद करायचा असतो. तो कुठे असतो ते चौथ्यात असणार.

१८ फेब्रुवारी
वॉशर आणायला गेलो. दुकानात फार गर्दी. म्हणजे माणूस एकच, पण आवाज मोठा. माझा नंबर आला. दुकानदाराने विचारलं, काय देऊ? तोंडून गेलं, सध्या फक्त रिसर्च.
घरी आलो. बाथरूम गप्प.
आई म्हणाली, दादा काकूंचं सिंक करायला आला होता, त्यांनीच त्याला सांगितलं आपला नळ गळतो म्हणून. चहा उकळेपर्यंत करूनसुद्धा टाकला! आणि लगेच मावशीला फोन.
नळाजवळ जाऊन थोडा वेळ बसलो. एक थेंब नाही.

१९ फेब्रुवारी
दादा आला. वाटलं, टोमणा मारणार. तर खांद्यावर हात टाकून म्हणाला, तू बिनधास्त कुणाच्याही घरी जातोस कसा रे? मला तर कुणी बोलावल्याशिवाय पायरी चढवत नाही. पुढची गल्ली घेशील? तू विचार, मी दुरुस्त करतो. निम्मं-निम्मं.
म्हणजे तो माझ्यावर जळतो! विचार करून सांगतो म्हटलं. लगेच हो म्हटलं.
त्याचा जुना पट्टा मिळाला. लटकवायला काही नाही, पेन अडकवलंय. बाबांना सांगितलं, गोडाऊन कॅन्सल, आपण आता दादाचे पार्टनर.

२० फेब्रुवारी, सकाळी
पुढची गल्ली, पहिलं घर. बेल हलकेच दाबली. अगदी हलकेच. वाजली नाही. बिघडलेली असणार. दादाला फोन लावला, पहिलं काम मिळालंय, ये.
तो म्हणाला, अरे, मग दार वाजव की.
म्हटलं, तू आलास की वाजवतो.