रविवारी जहाज पायरीवर आपटलं त्याबद्दल

मेघाली,

मी सकाळच्या गाडीने ठाण्याला जातोय, डोळे दाखवायला. माझ्या लेकाला यातलं कळायला नको, दीपेशने विचारलं तर बाबा पडघ्याला गेलेत म्हण.

आपल्या रिमोटवरच्या छोट्या युद्धनौकेचं पुढचं टोक पुन्हा चिकटवलंय. अजून ओलं आहे, पंखा लावू नको, धूळ बसते. बॅटरी चार्जिंगला आहे, दहा वाजता आठवणीने काढ.

आता रविवारचं. बंद करताना आधी जहाज, मग रिमोट, हे तुला मीच शिकवलं. उलटं केलं तर चालतं जहाज कुणाचं ऐकत नाही. तू तलावाच्या पायरीवर वाकलीस, मला वाटलं जहाज उचलून बंद केलंस. मी रिमोट बंद केला. जहाज पाण्यातच होतं. करडं जहाज, करडं पाणी, मला दिसलंच नाही. टोक फुटलं आणि चार माणसांत मी तुझ्यावर ओरडलो, "साधं जहाज पकडता येत न्हाय?" त्या जहाजावरच्या सगळ्या तोफा तू बसवल्यास, तरी सासऱ्याला उलट बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस.

तीस वर्षं लूमवर तुटलेला धागा लांबून हेरायचो. त्यामुळे आता नजर कमी झालीय हे कबूल करायला जीभ रेटेना.

जहाजाच्या बाजूचा नंबर तू रंगव, बारीक ब्रश पत्र्याच्या डब्यात आहे. येत्या रविवारी रिमोट तुझ्या हातात. पायरीवर मी बसेन, जहाज मी उचलेन. तू फक्त किती जवळ आलं ते मोठ्याने सांगत राहा.

बाबा