‘इन्स्टॉल’ दाबू नकोस

दादा,

लॅपटॉप काही केल्या सुरू होत नाहीये. आईने मुलांसाठी रेकॉर्ड केलेल्या सगळ्या गोष्टी त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर मी बूटेबल पेनड्राइव्ह बनवलाय, म्हणजे त्याच्यावरून बंद लॅपटॉपही सुरू होतो, तो लाल. तो लावूनच लॅपटॉप चालू कर. पडद्यावर ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतील. हात जोडते, ‘इन्स्टॉल’ दाबू नकोस, सगळं पुसलं जाईल. ‘ट्राय’ दाब आणि गोष्टी दुसऱ्या, काळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घे.

मी हॉस्पिटलला पळतेय. नर्सचा फोन आला होता. आई शुद्धीवर आलीय, हाक मारायला तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही म्हणून रडते. डॉक्टर म्हणतात, आवाज आता परत येणार नाही.

एक तरी गोष्ट वाचव रे. लॅपटॉपचं तिला अजून सांगितलेलं नाही.

छोटी