खिट्टीवरचे कुंकू

लिहून ठेवणार: सहदेव नाथा मेस्त्री, वय वर्षे एकसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार बाळकुम, तालुका ठाणे.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, मी कसली नशा केलेली नाही आणि माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे. नऊ वर्षांपूर्वी एकदा ती ठिकाणावर नव्हती, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. पितृपक्षात असा कागद करू नये असे वकीलसाहेबांचे म्हणणे पडले. पण आज अविधवा नवमी, माझी बायको सगुणा हिची तिथी, आणि मला हाच दिवस हवा होता.

कलम एक. बाळकुमचे राहते घर व मागची चार आंब्यांची जागा मुलगा परशुराम याला द्यावी. घराचे पुढचे दार पावसाळ्यात फुगते. त्याला रंधा मारायचे मी मुद्दाम राहू दिले आहे, कारण पुढे येईल. माझ्यामागे परशुरामने तो खुशाल मारावा.

कलम दोन. सगुणेचे दागिने व पोस्टातली शिल्लक मुलगी जया, मुक्काम डोंबिवली, हिला मिळावी. जावयाने त्यातून सागवानी म्हणून कसलेही कपाट घेऊ नये. त्याला लाकडातले काही कळत नाही आणि दुकानदारांना ते लगेच कळते.

कलम तीन. सर्व हत्यारे घरातच राहावीत. परशुराम कचेरीत कारकून आहे, करवत त्याच्या हाताला लागत नाही, तरी विकू नयेत. मोठा रंधा शेजारी धाकू भोईर याने सन बावन्नमध्ये दोन दिवसांसाठी नेला, तो परत आणावा. धाकू आज साक्षीदार म्हणून समोर बसला आहे आणि हे वाचून दाखवल्यापासून छपराकडे बघतो आहे.

कलम चार. हे कलम मुलांनी सर्वांदेखत मोठ्याने वाचावे.

सन एकोणपन्नासच्या श्रावणात कल्याणचे जादूगार प्रोफेसर उत्तम दळवी माझ्या टेंभी नाक्याजवळच्या कारखान्यात आले. मी एका खोक्याचे झाकण ठोकत होतो. त्यांनी माझ्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, दोन बोटांत फिरवली आणि ती गेली. "मेस्त्री, खोकं उघडा," ते म्हणाले. मी स्वतः ठोकलेले खिळे उपटले, तर आत माझी पेन्सिल, माझ्याच दातांच्या खुणांसकट. मी त्यांच्या बाह्या तपासल्या. ते हसले आणि म्हणाले, "मला अशी पेटी पाहिजे, की तुमच्यासारख्या माणसाने तपासली तरी काही सापडू नये."

पेटीत त्यांची बायको हेमाबाई उभी राहायची, दार लागायचे, उघडले की पेटी रिकामी. मागची फळी सरकायची आणि ती धरून ठेवायची एक लाकडी खिट्टी. ती खिट्टी मी अकरा वेळा केली. अकराव्या वेळी ती अशी बसली की नखही शिरेना. माझ्या हातून त्याहून चांगले काम झालेले नाही. अट एकच होती, पेटीचे आतले अंग माझ्याशिवाय कोणी पाहायचे नाही.

खेळाच्या जाहिराती लागल्या. त्यात प्रोफेसरांचे नाव होते, हेमाबाईंचे होते, बाजा वाजवणाऱ्याचेही होते. सुताराचे नसते, हे मला ठाऊक होते. तरी मी तो कागद दोनदा वाचला.

खेळ खंडेनवमीच्या संध्याकाळी, तंबूत होता. सकाळी कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. सगुणेने करवतीला, पटाशीला, रंध्यांना हळदकुंकू लावले आणि विचारले, "अहो, पेटीला लावू?"

"तिला हात नको लावूस," मी म्हटले.

ती स्वयंपाकाला घरी गेली. मग मीच कोयरीत कुंकू कालवले, फळी सरकवली आणि खिट्टीच्या दोन्ही अंगांना बोट टेकवले. कोणाला दिसणार नाही, पण देवीला तरी कळू दे हे काम कोणाचे, एवढेच माझ्या मनात होते. पुसायचे राहिले. खरे सांगायचे तर पुसावेसे वाटले नाही.

तंबूत हेमाबाई पेटीत गेल्या. दार उघडले, पेटी रिकामी, टाळ्या पडल्या. पण खिट्टी सरकली तशी तिने फळीवर वीतभर तांबडी रेघ ओढली होती. बत्तीच्या उजेडात ती मागच्या बाकापर्यंत दिसली. एक इसम मंचावर चढला आणि त्या रेघेवरून हात फिरवून त्याने फळी बाजूला केली. मागे हेमाबाई अंग चोरून बसल्या होत्या. लोक इतके हसले की बाजेवालाही हसला. तंबूवाल्याने पुढचे सगळे खेळ रद्द केले. प्रोफेसरांनी त्यानंतर मंचावर पाऊल ठेवलेले नाही.

कलम पाच. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, प्रोफेसर बाळकुमला घरी आले. ओरडले असते तर बरे झाले असते. ओटीवर बसून त्यांनी शांतपणे विचारले, "मेस्त्री, कुंकू कोणी लावलं?"

सगुणा दारात पाणी घेऊन उभी होती. मी म्हटले, "बायकांना सांगितलं तरी कळत नाही. पूजेच्या भरात हिनेच लावलं असणार."

सगुणेने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तांब्या खाली ठेवला. 

प्रोफेसर म्हणाले, "वहिनी, आज सणाचा दिवस. माझ्याही कपाळाला लावा." तिने अनामिकेने कुंकू लावले. त्यांनी माझ्या दाढीच्या आरशात ते बराच वेळ पाहिले. मग रिकामी मूठ तिच्या तळहातावर उघडली, तर त्यात आपट्याचे पान. तिने मूठ मिटली. मला वाटले त्यांनी तिला माफ केले, आणि मला हायसे वाटले. सर्वांत जास्त लाज मला त्या हायसे वाटण्याची आहे.

गोष्ट गावभर झाली. धाकूची बायको लक्ष्मी दर हळदीकुंकवाला म्हणायची, "सगुनाबाय, जपून लाव गो, कय ठसा उठल." बायका हसायच्या. दोन वर्षांनी सगुणेने हळदीकुंकवाला जाणे सोडले. खंडेनवमीला ती हत्यारे पुसून मांडायची आणि कोयरी माझ्यासमोर ठेवून आत जायची. मी कोयरीला हात लावत नसे. आठ वर्षे या घरात हत्यारे कुंकवावाचून पुजली गेली.

कलम सहा. सन छप्पनच्या दसऱ्याला ती आजारी होती. मी उशाशी बसलो होतो. तिने विचारले, "अहो, काही सांगायचंय का?" मला सांगायचे होते. मी म्हटले, "पुढचं दार फुगलंय. रंधा मारायला पाहिजे." ती म्हणाली, "बरं." पंधरा दिवसांनी ती गेली. त्या दाराला मला रंधा लावता आलेला नाही.

तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत वाळलेले आपट्याचे पान सापडले आणि त्याला बांधलेली माझी खिट्टी. तिचे एक अंग घासलेले होते. दुसऱ्या अंगावर कुंकवाचा ठसा जसाच्या तसा होता. माझ्या उजव्या अनामिकेचे पेर सतराव्या वर्षी करवतीत गेले, त्यामुळे माझे बोट अर्ध्या कातरलेल्या सुपारीसारखे उमटते. असा ठसा पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नाही.

मी कल्याणला गेलो. प्रोफेसर आता लग्नामुंजीत, बैठकीवर, पाहुण्यांच्या हातावर नाण्यांचे आणि पत्त्यांचे खेळ करतात. मी खिट्टी त्यांच्यापुढे ठेवली आणि जे सात वर्षे बोललो नव्हतो ते बोललो.

"मेस्त्री, मला खेळाच्या वेळीच कळलं," ते म्हणाले. "बोटांवर तर माझं पोट आहे. तरी खात्री करावी म्हणून वहिनींकडून कुंकू लावून घेतलं."

"मग खिट्टी तिच्याकडे कशी गेली?"

"पानाखाली. तुमच्या डोळ्यांदेखत दिली. तुम्ही पान बघत होता."

मी विचारले, "तिला कळलं?"

"लगेच. फाटकापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, 'भावोजी, यांना काही बोलू नका. चांगलं काम झालं की त्यांना राहवत नाही. सांगायचं ते त्यांचं ते सांगतील.'"

म्हणजे सात वर्षे ती वाट पाहत होती. मी तिच्यासमोर रोज जेवत होतो.

कलम सात. सबब मी जाहीर करतो की सदर कुंकू सगुणेने लावलेले नाही. ते मी लावले. तिचे बोट मी पुढे केले. मी कबूल केले असते तर एक मनुष्य माझ्यावर चिडला असता, इतकेच. धाकूने घरी जाऊन हे लक्ष्मीला सांगावे. रंधा नंतर आणला तरी चालेल.

कलम आठ. हत्यारे प्रोफेसर दळवी यांना द्यावीत असे माझ्या मनात होते. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये, उगाच वाद निघतो. मी प्रोफेसरांना विचारले, काय घेता, हत्यारे की साक्ष? ते म्हणाले, "साक्ष. हे तुमच्या तोंडून लोकांनी ऐकताना मला तिथे बसायचंय." म्हणून कलम तीन तसे आहे. यापुढे दर खंडेनवमीला जयाने डोंबिवलीहून यावे आणि हत्यारांना आईच्या नावाने कुंकू लावावे. पान आणि खिट्टी माझ्या चितेवर ठेवू नयेत. ती देव्हाऱ्यात, सगुणेच्या फोटोपाशी, ठसा वर करून ठेवावीत.

येणेप्रमाणे वाचून, समजून सही करीत आहे. सहीशेजारी उजव्या अनामिकेचा ठसा कुंकवाने उठवला आहे. कोयरी सगुणेचीच आहे. ज्याला शंका असेल त्याने खिट्टी शेजारी धरून पाहावी.

सही: सहदेव नाथा मेस्त्री

साक्षीदार:
१. धाकू भोईर, बाळकुम. (रंधा उद्या आणून देतो.)
२. उत्तम दळवी, कल्याण. मेस्त्रींनी माझ्यासमोर सही केली व ठसा उठवला. ठसे जुळवून पाहिले. हे बोट तेच आहे.

मुक्काम बाळकुम, भाद्रपद वद्य नवमी, शके १८८०, दिनांक ६ ऑक्टोबर १९५८.