मर्लच्या स्वयंपाकघरातला गाडीचा रेडिओ

ब्लफ बंदर, मंगळवार

आदरणीय लेनदादा,

तुमच्या बहिणीच्या (सध्या तरी) नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डल्सीवहिनींचा खोकला गेला असेल. मी जिवंत आहे, याहून जास्त काही म्हणवत नाही.

मर्ल तुमच्याकडे रिव्हर्टनला का निघून आली, ते तिने सांगितलं असेलच. आता माझंही ऐका. बोट बंदराकडे कधी वळते ते घरी कळत नाही, त्यामुळे बटाटे एकतर कच्चे राहतात नाहीतर त्यांचा लगदा होतो, ही तिची जुनी तक्रार. म्हणून मीच (नसती उठाठेव!) भंगारातल्या मॉरिस गाडीचा रेडिओ आणला, त्याच्या कॉइलचे थोडे वेढे सोडवले आणि गाण्यांच्या स्टेशनांपलीकडे, पार बोटींच्या बोलण्यापर्यंत त्याला नेऊन पोचवला. (घोड्यांच्या शर्यती त्यावर आता लागत नाहीत. सगळी सुखं एकदम मिळत नाहीत.) मी बोटीवरून "निघालो" म्हटलं, की ती बटाटे शेगडीवर चढवायची. महिनाभर असा जेवलो, की काय सांगू!

आणि गेल्या गुरुवारी माती खाल्ली. बोटींच्या रेडिओवरच्या संध्याकाळच्या गप्पांत शेजारच्या बोटीवरच्या स्टॅनने (जिभेला हाड नाही) विचारलं, "काय रे आल्बी, तुझ्याच पिंजऱ्यांत एवढी शेवंडं कशी शिरतात?" मी म्हटलं, "मर्लचं मटण टाकतो. मला गिळवत नाही, त्यांना चव कळत नाही!" सगळ्या बोटी हसल्या. (सर्वांत मोठ्याने तुम्ही. वर "आमच्या डल्सीचं पुडिंग तर नांगर म्हणून चालेल" हेही तुमचंच.) रेडिओ मीच बनवून दिलाय, हे त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं होतं, दादा. साफ!

घरी आलो तर ताट झाकून ठेवलेलं. झाकण काढलं, तर आमिषाची माशांची डोकी. मर्ल नाही, रेडिओही नाही. (रागाने समुद्रात भिरकावला असणार.)

तेव्हापासून घर खायला उठतं. धक्क्यावर कुणी बोलत नाही, कारण आता सगळ्यांच्या बायकांना तसाच रेडिओ हवाय. रोज बोट वळवताना सवयीने "निघालो" म्हणतो, मग आठवतं, ऐकायला कुणी नाही. तिच्याशिवाय मला करमत नाही. तिला समजवा.

तुमचा अभागी,
आल्बी

ता. क. खरं काम हे. सोबतच्या खोक्यात दुसरा रेडिओ आहे. गुरुवारी सहा वाजता तिला त्याच्यापुढे बसायला सांगा. सगळ्या बोटींसमोर माफी मागणार आहे. स्टॅन हसला तरी हसू दे.

ता. क. दुसरा. खोकं बांधतोय तोच डल्सीवहिनींची चिठ्ठी आली. हा रेडिओ आता नकोच, कारण त्या लिहितात, मर्लने घरचाच बगलेत मारून आणलाय, तुम्ही समुद्रावर असता तेव्हा शिवणाच्या खोलीत चालू असतो. माझं "निघालो" ऐकलं, की ती उठून बटाटे चढवते आणि मग तसेच उतरवते. दादा, हे वाचून मी रडलो. गुरुवारचं पक्कं. आणि हो, त्या दिवशी सर्वांत मोठ्याने कोण हसलं आणि नांगर कोण म्हणालं, हेही मर्लने आता वहिनींना सांगितलंय. तेव्हा रात्री ताटावरचं झाकण जरा जपून काढा.