दादाचं कार्ड

सोमवार, ३ मार्च

क्रमांक २१४ तीन वेळा मोजला. तिन्ही वेळा आकडा तोच. मानेतल्या रोहिणीची भिंत, या वयाला असावी त्याच्या जवळजवळ दीडपट जाड.

सोनोग्राफीच्या पडद्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. लहानपणी रक्तात जंतुसंसर्ग होऊन दवाखान्यात राहिलेलं माणूस, की तुलनेसाठी घेतलेलं धडधाकट — मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. नियम चांगलाच आहे. पण या दोनशे साठ जणांत दादा आहे. मीच त्याला ओढून आणला! (मीही आहे — धडधाकटांत. माणसं कमी पडली म्हणून आम्ही चार कर्मचाऱ्यांनी माना पुढे केल्या.)

२१४ दादाचा नसू दे.

बुधवार, ५ मार्च

चहाच्या वेळी आमच्या प्रमुख डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताप उतरतो, आईबाप विसरतात. सूज मात्र आत धुमसत राहते, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड करते — असा आपला संशय. सिद्ध व्हायचंय अजून." मी मान डोलावली.

दादाला कुणी कधी पळूच दिलं नाही. मी दीड वर्षाची असताना आई गेली. बाबा नोकरीपायी दूर. मावशी आली नि तिनेच आम्हाला वाढवलं. आईच्या ट्रंकेत तिला दादाचं दवाखान्याचं कार्ड सापडलं. त्यावर रक्तातल्या जंतुसंसर्गाची नोंद, आणि लाल शाईत — 'हृदयाकडे लक्ष ठेवावे.' झालं! त्याचं दप्तर मी उचललं, पाण्याच्या बादल्या मी, गच्चीवरच्या गाद्या मी. "तुला काय धाड भरलीये," मावशी म्हणायची. "त्याला जप."

बुधवार, १२ मार्च

आज एका प्रतिमेवर रेष ओढताना मनात आलं, ही दादाची असेल तर? आणि रेष किंचित आत गेली. केसभरच. पण केसभरानेच आकडा बदलतो! पुसली. मग दिवसभराच्या बावीसही प्रतिमा पुन्हा मोजल्या.

तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, तुम्ही धुतलेले कपडे परत धुता."

हसले.

बुधवार, १९ मार्च

मोजणी संपली. दादाला पत्र गेलं — भिंत उत्तम!

फोनवर ओरडतच होता. "अगं, पंचविशीतल्या पोराची मान आहे माझी! मावशीला सांग, उद्यापासून मी धावणार!"

मी रडले. म्हणजे २१४ दुसऱ्या कुणाचा तरी. हायसं वाटलं — आणि लगेच शरम. कुणाचा तरी आहेच ना तो.

कर्मचाऱ्यांची पत्रं सगळ्यांत शेवटी निघणार.

शुक्रवार, २१ मार्च

जुन्या केसपेपरांची माहिती संगणकात भरायला घेतली. चौथाच दादाचा निघाला. वर कारकुनाच्या अक्षरात दादाचं नाव, वय चार. आत डॉक्टरांचं अक्षर — वजन साडेसात किलो. दात चार. धरून उभं राहतं. अंगावर पितं.

चार वर्षांचा मुलगा?

दुसऱ्याचा कागद चुकून लागला असेल. असणारच. पान उलटून तारीख पाहिली. त्या महिन्यात मी अकरा महिन्यांची होते.

पेन खाली ठेवलं. उचललं. परत ठेवलं.

शनिवार, २२ मार्च

मावशीकडे गेले. शेंगा सोलत बसली होती. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझं नाव कुठं चढलं होतं तेव्हा कार्डावर? तुझे बाबा रजेवर येईपर्यंत ते राहिलंच. एकाच कार्डावर दोघांना न्यायची ताई. सगळ्याच बायका न्यायच्या."

"मग दवाखान्यात राहिलं कोण, मावशी?"

तिने शेंगांची परात बाजूला सारली.

"मी तर नंतर आले गं. कार्डावर जे नाव होतं, त्याला जपलं." मग एकदम माझं मनगट धरलं. "तुला बादल्या उचलायला लावल्या गं मी!"

परतताना जिन्यात छातीत धडधडलं. खरंच काही होतंय, की भीतीच ती? कसं ओळखायचं? चार पायऱ्यांवर बसून राहिले.

गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही. कागदावर मी धडधाकटच राहीन. असं वाटलं मला — लिहून ठेवते. पण मग आम्ही दोघं चुकीच्या बाजूला, आणि त्यावर काढलेला निष्कर्षही चुकीचा. इतरांच्या आकड्यात केसभर चूक चालत नव्हती मला!

सांगायचं.

सोमवार, २४ मार्च

डॉक्टरबाई रजेवर. सुटल्यासारखं वाटलं. भेकड!

मंगळवार, २५ मार्च

केसपेपर पुढे ठेवला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला, कुलुपातली यादी काढली, त्यावरून बोट खाली नेलं. बोट माझ्या नावापाशी थांबलं.

"दोनशे चौदा," म्हणाल्या.

दादा खाली दारात उभा होता. मावशीने सगळं सांगून पाठवलेला.

"आण ते दप्तर इकडे," माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे हात करत म्हणाला.

दिलं.